घसाऱ्याची घाई करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत दुकान किंवा कार्यालयाची इमारत घेतलेल्या मराठी मंडळींना सध्या ‘कॉस्ट सेग्रिगेशन’चा, म्हणजे इमारतीच्या खर्चाची घटकवार फोड करण्याचा मोह पडला आहे. तेथे अशा इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट, एरवी 39 वर्षांत विभागून मिळतो; परंतु अभियंत्याने खर्चाची फोड करून तसा अहवाल दिला, तर गालिचे 5 वर्षांच्या आणि पार्किंगचे डांबरीकरण किंवा कुंपण 15 वर्षांच्या गटात जाते, आणि 19 जानेवारी 2025 नंतर संपादन केलेल्या अशा घटकांची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करता येते. जमिनीला अर्थातच घसारा नाही.

सल्लागार मात्र पुढचे जरा हळू आवाजातच सांगतात. भाड्याने दिलेल्या मालमत्तेतील तोटा नोकरदाराला बहुधा पगारातून वजा करता येत नाही, तो पुढच्या वर्षांत ओढावा लागतो; शिवाय गालिच्यांसारख्या वस्तू इमारतीबरोबर नफ्यात विकल्या, तर त्यांवर घेतलेला घसारा नफ्याच्या मर्यादेत सामान्य उत्पन्न म्हणून करपात्र ठरतो. अमेरिकी करदात्याच्या पुण्यातील कार्यालयाला तर ही सवलत लागूच नाही. अमेरिकेच्या विवरणपत्रात त्या इमारतीचा घसारा 40 वर्षांत समान हप्त्यांनी घ्यावा लागतो. अहवालाचे शुल्क भरण्यापूर्वी हा हिशेब लेखी मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक