नर किती होते तेही छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात प्राण्यांवरच्या बातम्या येतात त्या मी कधी चुकवत नाही. पण "माद्यांना मोठ्या आवाजाचे नर आवडतात" अशी बातमी वाचली की मला पहिला प्रश्न पडतो, नर होते किती? आणि तेवढंच नेमकं छापलेलं नसतं.

हे एवढं का टोचतं तर मी स्वतः यात चुकलेय. शिकत असताना रातकिड्यांच्या मिलनाची ६० निरीक्षणं घेतली होती, नर मात्र सहाच होते, तेच परत परत वापरलेले. सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, पी-व्हॅल्यू (म्हणजे खरा फरक नसतानाही असा निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता) मस्त कमी आली, मी खूश. मग सरांनी विचारलं की एकच दांडगा नर वीस वेळा जिंकला तर ते वीस पुरावे की एकच? सॉफ्टवेअरला हे कळत नाही हो, त्याला आपणच सांगावं लागतं की या ओळी एकाच प्राण्याच्या आहेत. आर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये एलएमई४ हे पॅकेज आहे, त्यात प्रत्येक नराचा वेगळा परिणाम धरता येतो, तसं केल्यावर माझा निष्कर्ष उरलाच नाही.

दुसरी तशीच चूक वेळेची. अर्धा तास बघूनही जोडी जमली नाही तर लोक ती नोंद सरळ काढून टाकतात किंवा ३० मिनिटं लिहून सरासरी काढतात, दोन्ही चूक, कारण जोडी एकतिसाव्या मिनिटाला जमली असती की कधीच नाही हे आपल्याला माहीतच नसतं. रुग्ण किती काळ जगले हे मोजायला जी सर्व्हायव्हल पद्धत वापरतात तीच इथे लागते, तीही आरमध्ये आहे.

साधनं कमी नाहीत. व्हिडिओ बघून वागण्याच्या नोंदी करायला तुरीन विद्यापीठाचं बोरिस नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. विगो विद्यापीठातल्या दोघांनी २००६ मध्ये जेमेटिंग हे सॉफ्टवेअर दिलं, ते काही प्राण्यांना जोडीदार जास्त मिळतात म्हणून काय झालं आणि स्वतःसारखाच जोडीदार निवडला म्हणून काय झालं हे वेगळं करून दाखवतं. हा फरक बातमीत जवळजवळ नेहमी पुसला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मुळात डेटाच कलता असेल तर? कोणाला जोडीदार किती मिळतात हे बघायला बेटमन या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये फळमाश्यांवर केलेला प्रयोग अजून शिकवतात. डीएनए तपासणी तेव्हा नव्हती म्हणून त्यांनी डोळ्यांना दिसणारी म्युटेशन (जनुकांतले बदल) असलेल्या माश्या घेतल्या, त्यावरून पिल्लांचे आईबाप ओळखले. २०१२ मध्ये संशोधिका पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा दिसलं की आई आणि बाप दोघांचंही म्युटेशन मिळालेली पिल्लं मोठी होण्याआधीच जास्त मरत होती, म्हणजे मोजणीत कोणाला जोडीदार किती हेच चुकत होतं. मेलेली पिल्लं कुठल्या सॉफ्टवेअरला दिसणार?

म्हणून विनंती एवढीच की अशा बातमीखाली दोन ओळी जास्त द्या, प्राणी किती होते, एकच प्राणी किती वेळा मोजला, आणि डेटा व कोड सगळ्यांना बघायला खुला आहे का. संशोधकाला फोन लावताच तर हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतील.

आपली,
एक नियमित वाचक