पाकीट

ताल, बटांगस
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

अनाक, पोरी,

शेजारच्या टिटाचा, त्या मावशीचा, मुलगा सुटी संपवून मंगळवारी रियाधला परत चाललाय. त्याच्या बॅगेत किलोभर बाराको कॉफी आणि पानुत्साच्या चार चकत्या दिल्यात. चिक्की ओलाव्याला मऊ पडते, डबा घट्ट लाव. लाँगानिसा दिली नाही. डुकराचं तिकडे चालत नाही, हे तुझ्या नानायला, तुझ्या आईला, तीनदा सांगावं लागलं. हा कागदही त्याच बॅगेत आहे. फोनवर मला बोलायला सुचत नाही. तू "ताताय" म्हणालीस की मी पावसापाण्याच्या गोष्टी सुरू करतो.

तागायतायच्या त्या जेवणाचं आधी मिटवून टाकतो. बुलालोच्या, त्या नळीच्या रश्श्याच्या, बिलावरून सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. लोलाच्या, आजीच्या, हातातला चमचा खाली पडला, ते मी पाहिलं. रियाधचा पहिला पगारसुद्धा हातात नाही, बाप समोर बसलाय, आणि ही पोरगी वाटीतली नळी चोखून व्हायच्या आत बिल देऊन मोकळी! मनात आलं, सुरू झालं. समोर ते तळं, तो डोंगर, इतकं स्वच्छ ऊन, आणि मी दिवसाची माती केली. आणि त्याच्या चौथ्या दिवशी विमानतळावर उतरताना तू डॅशबोर्डवर मूर्तीमागे पाकीट सरकवून गेलीस. मला ते परतताना सिलांगच्या सिग्नलला दिसलं. मागचे गाड्यावाले हॉर्न वाजवत होते.

तर सांगायचं ते एवढंच, पैसे पाठवू नकोस.

तुझी टिटासुद्धा दोनच वर्षांसाठी परदेशी गेली होती. आधी छपराचे पत्रे, मग फरशी, मग वरचा मजला, मग भाच्यांच्या फिया. बावीस वर्षं गेली. दर नाताळला तिने तिकडून भरून पाठवलेली बालिकबायन पेटी यायची आणि घरभर साबणाचा वास सुटायचा. पहिल्यांदा सुटीवर आली तेव्हा तिला आणायला आपलीच प्रवासी जीपनी गेली होती. तिचा धाकटा तिला बघून माझ्या पायामागे लपला. ती हसली, पण घरी येईस्तोवर गाडीत एक शब्द बोलली नाही. आणि त्या वरच्या मजल्यावर आता कोण राहतं, हे तुला ठाऊक आहे.

तू स्वतःच्या नावाने बँकेत ठेव. थोडं का होईना, दर महिन्याला. कोणाला उसने देऊ नकोस, गावातल्या कोणी मागितले तर ताताय रागावतो म्हणून सांग. कूयाने, थोरल्या दादाने, मागितले तर मुळीच नाही, त्या प्रकरणानंतर तर नाहीच. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस. कागदपत्रांची झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी ठेव. बघ, लागलो ना शिकवायला. सव्वीस वर्षांची नर्स आहेस तू, मी आपला लेमेरी ते बटांगस करणारा ड्रायव्हर. माफ कर.

पण हिशोब तुला मीच शिकवला, एवढं म्हणू दे. सात वर्षांची होतीस, माझ्या शेजारच्या सीटवर बसून सुटे द्यायचीस. मागच्या बाकावरून "बायाद पो", भाडं घ्या, असं आलं की पैसे हातोहात पुढे यायचे, सहा माणसांच्या हातांतून, आणि तेवढ्याच हातांतून सुटे मागे जायचे. मधल्या कोणी एक पेसो ठेवून घेतल्याचं मला आठवत नाही. नोटा तू माझ्यासारख्या उभ्या दुमडून बोटांत धरायचीस. बोटं पुरायची नाहीत, मग दातांत धरायचीस. नानायने ते पाहिलं त्या दिवशी आपण दोघांनी बोलणी खाल्ली.

आणि २०२० चा तो रविवार, १२ जानेवारी. दुपारी ताल ज्वालामुखीच्या डोंगरातून धुराचा तो खांब उठला आणि संध्याकाळी राखेचा पाऊस. वायपर फिरवला की काचेवर चिखल. गाडीत गल्लीतली माणसं, कोंबड्या, कोणाचा तरी टीव्ही. मी काचेवर बाटलीने पाणी ओतत गाडी पुढे काढत होतो आणि तू मागे मोबाइलच्या उजेडात एका म्हाताऱ्याची नाडी धरून बसलेली. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. "ताताय, हळू, खड्डे चुकव," एवढंच म्हणालीस, अगदी डॉक्टरीणबाईसारखं. मी आरशात बघत होतो. तेव्हाच मला कळलं की ही इथे राहायची नाही. तुला हे कधी बोललो नव्हतो.

तिकडे चर्च नाही, मिस्सा नाही, म्हणून नानाय रडते. मी तिला म्हटलं, कायसासायची आई, मारियामातेची ती मूर्ती, नदीच्या पाण्यातून जाळ्यात आली, १६०३ मध्ये, कोळ्याच्या. तिला चर्चची भिंत लागत नाही. १६ डिसेंबरपासून सिंबांग गाबी, नाताळआधीच्या नऊ पहाटेच्या मिस्सा. इथले पहाटेचे चार म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे अकरा. कामावर नसशील तेव्हा मोबाइलवर मिस्सा कानात लावून ऐक, बाहेर आवाज येऊ देऊ नकोस. आम्ही नऊही पहाटे जाणार आहोत. मिस्सा झाल्यावर दाराबाहेर बिबिंका, तांदळाचा केक. तुझ्या वाटचं मी खाईन, वरच्या खारवलेल्या अंड्यासकट.

परवा कायसासायहून बॅसिलिकापर्यंत सान लोरेन्सोच्या पायऱ्या चढलो. १२५ आहेत. ऐंशीव्या पायरीवर बसलो. छातीबितीचं काही नाही, गुडघे. नानायला सांगू नकोस. ती बारोंगच्या शर्टांवर भरतकाम करताना आता दोन चष्मे लावते, तेही मी तुला सांगितलेलं नाही.

रूट बंद करायचं माझ्या मनात आहे. जुन्या जीपन्या बदलायच्या सरकारी योजनेपायी २०२४ च्या एप्रिलअखेर सहकारी संस्थेत नाव घातलं खरं, पण नवी मिनीबस वीस लाख पेसोच्या वर जाते. ते कर्ज मी कोणत्या वयात फेडू? लोलाच्या जमिनीच्या त्या तुकड्यावर बाराकोची चाळीस रोपं लावायची. फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, जाऊ देत. आणि गाडी विकायच्या आधी एकदा सगळ्यांना घालून पांगासिनानला, मनाओआगच्या मारियामातेला. लोलाला पुढच्या सीटवर बसवून. वाटेत कुठेही थांबायचं, प्रवासी घ्यायचे नाहीत. तीस वर्षांत मी कुठेही थांबलो तो कोणीतरी "पारा", थांबा, म्हटलं म्हणून.

पण पेन्शनला एसएसएसचे, त्या सरकारी विमा योजनेचे, महिन्याचे १२० हप्ते लागतात. माझे ९४ झाले होते. मध्ये चार वर्षं भरले नाहीत. कोणती चार, ते तू... नको, हे लिहायला नको होतं. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू दे. तेव्हा तुझी फी भरणं मला जड गेलं नाही. रोज संध्याकाळी नोटा मोजताना मजा यायची. याची परतफेड म्हणून काही पाठवलंस तर मी खरंच रागावेन.

पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळतं. पत्र्याचा भाव विचारून आलो, सहज. त्यात तू पडू नकोस.

आता पाकिटाचं. पंधरा दिवस ते मूर्तीमागेच होतं. रोज गाडी सुरू करताना मी क्रूस करायचो, तो तिला का पाकिटाला, कोण जाणे. गुरुवारी उघडलं. त्यातून या तिमाहीचे तीन हप्ते भरले. बाकीचे तिथेच आहेत, मोजून ठेवलेत, तू आलीस की हिशोब देईन.

९७ झाले. २३ राहिले. तुझं कंत्राट चोवीस महिन्यांचं. मी बोटांवर दोनदा मोजलं, माझं तुझ्याआधी एक महिना संपतं. त्या महिन्यात गाडीला रंग देऊन घेतो. तुझं नाव पुढच्या पत्र्यावर फिकट झालंय.

तुझा ताताय

ता. क. बुलालोचं बिल किती झालं होतं, ते मात्र कळव.