तोकियाची लागवड: दत्ताला पत्र

प्रिय दत्ता,

पोफळीच्या वाडीत पनामा टोपीचं झाड, म्हणजे ज्याच्या पानांच्या धाग्याने ती टोपी विणतात ते, लावायचं म्हणतोस, तर रोप घेताना आधी त्याचं बूड बघ. कार्लुडोव्हिका पाल्माटा, म्हणजे इक्वेडोरची तोकिया, पामसारखी दिसते, पण माडाच्या कुळातली नाही. तिला खोडच नसतं. जमिनीतल्या गड्ड्यातून थेट दोन-तीन मीटर लांबीचे दांडे वर येतात आणि टोकाला पंख्यासारखं पान, बहुधा चार भागांत चिरलेलं. खोड धरलेलं रोप कोणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नकोस.

रानात ती मेक्सिकोच्या दक्षिणेपासून बोलिव्हियापर्यंत सापडते, पण टोप्यांसाठीचे मळे इक्वेडोरच्या मानाबी आणि सांता एलेना भागात आहेत. तेही समुद्रालगत नाहीत, मागच्या डोंगरउतारावर. किनारा कोरडा; डोंगरावर मात्र पावसाळा सरला तरी महिनोन्‌महिने धुकं आणि झिमझिम चालू असते. तुझ्याकडे नेमकं हेच नाही. जूनपासून चार महिने धो धो आणि पुढे कोरड. थंडीने ती मरायची नाही, पण फेब्रुवारी ते मे पाणी चुकलं की पानांच्या कडा करपतात आणि नवे कोंब, म्हणजे धाग्याची मिटलेली कोवळी पानं, आखूड निघतात. आखूड कोंबाचा धागाही आखूड, विणताना सतत जोड द्यावा लागतो. म्हणून ठिबक आणि बुंध्याशी वीतभर पाचोळा, हे आधी करून ठेव.

बियांच्या नादी लागू नकोस. फळ पिकलं की साल सोलून पडते, आत शेंदरी गर आणि बारीक बिया. त्या ताज्या असतानाच, मातीने न झाकता पेराव्या लागतात, आणि रोपं फार सावकाश वाढतात. त्यापेक्षा जुन्या बेटाचे मुनवे काढ: तीन-चार पानांचे, गड्ड्याचा तुकडा आणि मुळांसकट. मोठी पानं निम्मी छाट, नाहीतर मुळं धरायच्या आत मुनवा सुकतो. पहिला पाऊस मुरल्यावर दीड फुटाचे खड्डे, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत. दोन रोपांत तीन मीटर सोड. जांभ्याच्या उतारावर पाणी साचत नाही ते बरंच आहे. सखल जागी लावलीस तर जुलैत गड्डा कुजेल. दाट सावलीत दांडे उंच होतात पण कोंब कमी येतात, तेव्हा पोफळीखालची चाळलेली उन्हं ठीक. माडाखाली नको. एक झावळ पडली की महिन्याचे कोंब मोडले.

साधारण तिसऱ्या वर्षी तोडणी सुरू होते. धागा मिळतो तो मिटलेल्या कोवळ्या पानातून. पान उलगडायला लागलं की गेलं: हिरवं चढतं, धागा राठ होतो आणि वळवताना तुटतो. महिन्यातून एकदा फेरी मारून ताठ, मिटलेले कोंब कोयतीने दांड्यासकट काप. पण बेटातले सगळे कधीच नेऊ नकोस. उघडी पानं राहिली नाहीत तर गड्डा रोडावतो. तिकडचे शेतकरी कृष्णपक्षात तोडतात, रस कमी असतो म्हणे. ते पटवून घ्यायचं की नाही तुझं तू बघ.

तोडलं त्याच दिवशी उकळायचं. आधी कोंब जमिनीवर आपटून पाती सुटी कर, बाहेरची हिरवी पाती आणि कडांच्या शिरा काढून टाक. उरलेल्या पात्या सुईने उभ्या चीर, पण दांड्यापासून तोडू नकोस; जुडी एकत्र राहिली तरच पुढे वाळवता येते. उकळत्या पाण्यात जुडी बुडवून हिरवा रंग उतरून फिकट होईपर्यंत ठेव. घड्याळापेक्षा रंग बघ. मग निथळून सावलीत, वाऱ्याला दोरीवर टांगायचं आणि मधून मधून झटकायचं. इथेच सगळी गंमत आहे: वाळताना चपट्या पातीच्या कडा आत वळतात आणि ती गोल धाग्यासारखी होते. न झटकलेल्या पात्या एकमेकींना चिकटून चपट्याच राहतात. कडक उन्हात धागा ठिसूळ होतो. ओला ठेवलास तर काळे ठिपके पडतात आणि ते धागा पांढरा करायच्या गंधकाच्या धुरीनेही जात नाहीत. ती धुरी बंद पेटीत, निखाऱ्यावर देतात. करशील तर घरापासून लांब, धूर छातीत जातो. पावसाळ्यात तुझ्याकडे काही वाळणार नाही, म्हणून त्या महिन्यांतले कोंब उघडू दे.

आता पैशाचं. २०१२ साली युनेस्कोने तोकियाच्या टोपीचं विणकाम वारशाच्या यादीत घेतलं, ते विणकाम, झाड नव्हे. एक टोपी विणायला एका दिवसापासून आठ महिन्यांपर्यंत वेळ लागतो, किंमत त्या बोटांची. मानाबीतल्या मोंतेक्रिस्ती गावाकडे बारीक काम पहाटे किंवा रात्री करतात, कारण दमट हवेत धागा मोडत नाही. तुझ्या गावात टोपी विणणारं कोणी नाही, तेव्हा अर्धा एकर लावायचं खूळ सोड. वीस बेटं पुरेत. टोपल्या, परड्या विणणारं कोणी माहितीत असेल तर आधी त्यांच्या हाती जुडी देऊन बघ, मग वाढव.

मुनवे कुठून मिळतात ते कळलं की कळव. गड्डे निघाले की दोन दिवसांच्या आत जमिनीत जायला हवेत.

तुझा,
अनंत