आफ्रिकेची वेल आणि आमचा मे महिना

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर जूनमध्येच लिहायचं होतं पण पेरण्या, मग निंदण, मग पोरांच्या शाळा, यात राहूनच गेलं. तरी मनातून जाईना म्हणून आज बसले. उन्हाळ्याच्या तोंडावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेचं पान आलं होतं. त्यात लाल-पांढऱ्या फुलाच्या वेलीचा मोठ्ठा रंगीत फोटो, नाव ब्लीडिंग हार्ट, आणि खाली चार ओळी, की ही आफ्रिकेतली उष्ण भागातली वेल आहे, पूर्ण उन्हात ठेवा, रोज भरपूर पाणी द्या, फुलांनी लगडून जाईल. ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर राग नाही, पुण्या-मुंबईच्या गॅलरीत लगडत पण असेल. पण तुमचा पेपर इकडं दर्यापूर तालुक्यात पण येतो हो. आमच्या गल्लीत दोघींनी ते कात्रण कापून ठेवलं, अमरावतीहून रोपं आणली, आणि जसं छापलं तसं अंगणात मधोमध ठेवली. एप्रिलच्या शेवटाला दोन्ही कुंड्यांत नुसत्या काड्या होत्या.

मला हे लवकर कळलं कारण मी ३ वर्षांआधी हाच मार खाल्ला. नर्सरीवाल्याला विचारलं होतं की भाऊ, आमच्याकडं ऊन लई असते, जगंल का? तर तो म्हणे, "ताई, आफ्रिकेची वेल हाय, तिले उनाचं काय कौतुक!" मला पण पटलं. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळवंट नाहीतर सिंह येतो, मधलं काहीच येत नाही.

नंतर बसून वाचलं तेव्हा समजलं की या वेलीचं मूळ गाव पश्चिम आफ्रिका, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतचा पट्टा. तिथली जंगलं ओली. नायजेरियात कॅलाबार म्हणून गाव आहे, तिथं वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडं सातआठशे पडला तरी लोक म्हणतात यंदा बरा झाला. आणि तिथं पारा तिशीच्या थोडा वर, हवेत कायम ओल. म्हणजे गरमी आहे पण घामट गरमी. आमची गरमी कोरडी, दुपारी दार उघडलं की भट्टीचं झाकण काढल्यासारखा वारा तोंडावर येतो, ओला टॉवेल तासाभरात कडक पापड. आता ज्वारी पण आफ्रिकेचीच की, पण ती तिकडच्या कोरड्या माळावरची, म्हणून आमच्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या मजेत आहे. एकाच खंडातल्या दोघी, पण एक उन्हातली आणि एक झाडाच्या सावलीत चढणारी. हे एवढं एक वाक्य त्या पानावर असतं तर दोन रोपं वाचली असती.

नावाचाही घोळ आहे तो सांगते. माझ्या भाच्यानं मोबाईलवर ब्लीडिंग हार्ट टाकलं तर माहिती आली की हिला थंड हवा लागते, बर्फ पडला तरी मुळं जगतात. मी म्हटलं हे काय नवीन! तर त्याच नावाचं दुसरं एक झाड आहे, सैबेरिया, कोरिया, जपान तिकडचं, हृदयासारखी फुलं लटकणारं, त्याचा आणि आपल्या वेलीचा काही संबंध नाही. म्हणून शोधायचं असलं तर क्लेरोडेंड्रम थॉमसोनिए असं पूर्ण टाका. (आमच्याकडचा नर्सरीवाला तर तिला 'बिल्डिंग हार्ट' म्हणतो, त्याला काय म्हणणार.) आपली भारंगी असते ना, ती पण आधी याच क्लेरोडेंड्रम गटात धरायचे, म्हणजे लांबची बहीण म्हणा. आणि ते थॉमसोनिए नाव पडलं ते एका बाईवरून, एकोणिसाव्या शतकात नायजेरियात थॉमसन नावाचे मिशनरी होते, त्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या आठवणीत हे नाव दिलं. बायकोच्या नावावर वेल केली त्या माणसानं! आमच्याकडं जित्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं म्हटलं तरी घरात चार दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

असो. आता माझी चूक सांगते, कारण ती उन्हाच्या पुढची आहे आणि कोणत्याच लेखात मला ती सापडली नाही. पहिल्या वर्षी पानं करपायला लागल्यावर मी शहाणपणा करून कुंडी सपरीत, म्हणजे ओसरीत आणली, कूलरजवळ, म्हटलं थंडावा मिळंल. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी फेकायचं जिवावर येते म्हणून रोज संध्याकाळी तेच कुंडीत ओतायची. पाणी वाचवून राह्यली म्हणून स्वतःवर खूश. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, टोकापासून आत आत, जसा तव्यावर पापड कडेनं लाल होतो तसा. कुंडीच्या काठावर पांढरी रेघ धरली, नखानं खरवडून जिभेला लावली तर खारट. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आम्ही खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या खोऱ्यातले, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा सगळा भाग, बोअरचं पाणी मुळातच मचूळ, त्यानं चहा नासतो. ते कूलरमध्ये टाकलं की पाणी उडून जाते पण मीठ उडत नाही, मीठ टाकीत राहते, वरून आपण आणखी बोअरचं पाणी टाकतो, आणखी मीठ, म्हणजे आठवडाभरात टाकीत जे उरते ते पाणी नाही, खारा अर्क. आणि तो मी वेलीला पाजत होती, मायेनं! आरओचं जे पाणी वाया जाते त्याचंही तेच, चांगलं पाणी कॅनमध्ये आणि सगळा क्षार बाजूच्या नळीतून बाहेर. आमच्या शेजारी ते मोगऱ्याला देतात आणि मोगरा काहून फुलत नाही म्हणून मला विचारतात.

मग शहानूर धरणाच्या योजनेचा नळ ज्या दिवशी येईल त्या दिवशी एक बकेट वेलीच्या नावानं बाजूला, हे ठरवून टाकलं. घरात त्यावरून बोलणी बसली पण मी ऐकली नाही. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावला, ते पावसाचं पाणी सगळ्यात बेस्ट. आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून दिली, खालच्या भोकातून पाणी धो धो जाऊ दिलं, तेवढ्यानं मीठ धुऊन निघालं. नवीन पान आलं ते टोकापर्यंत हिरवं, मी दिवसातून चार वेळा जाऊन पाहत होती.

मातीचं म्हणाल तर आपली काळी माती वावरात सोनं आहे पण कुंडीत शत्रू. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाणी भेगेतून सरळ खाली, पावसाळ्यात चिखल होऊन मुळं सडतात. मी एक टोपलं काळी माती, एक टोपलं रेती आणि एक टोपलं जुनं कुजलेलं शेणखत घेते, वरून मूठभर निंबोळीची ढेप, म्हणजे पेंड. खाली खापराचे तुकडे. ताजं शेण टाकू नका, आधीच उन्हानं तापलेल्या मुळांना आणखी आग कशाला.

आणि मे महिन्यात काय करायचं ते सांगते, आमच्याकडं खरा प्रश्न तेवढाच आहे. सकाळचं ९-१० वाजेपर्यंतचं कोवळं ऊन पुरे. मार्च संपला की मी कुंडी उचलून मागच्या अंगणात निंबाखाली नेते, रांजणाच्या बाजूला, तिथं जमीन कायम ओली असते. मोठ्या फुटक्या घमेल्यात रेती भरून ती भिजवायची आणि त्यात कुंडी अर्धी बसवायची, भोवती ओलं पोतं. पश्चिमेकडून हिरवी नेट. पाणी सूर्य बुडाल्यावर, आणि मातीत बोट घालून पाहून, उगाच रोजच्या रोज धबाधबा नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला की सकाळ-संध्याकाळ पानांवर नळाच्याच पाण्याचा फवारा. त्या दिवसांत फुलांची अपेक्षाच ठेवू नका, जीव वाचला बस. २०२४ च्या मे मध्ये नागपुरात एका केंद्रावर ५६ डिग्री दाखवलं होतं, नंतर सेन्सर बिघडलेला निघाला, पण आमच्या इथं एकालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता, यातच सगळं आलं.

हिवाळ्याचं उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास आला की ही पानं टाकते, पार उघडी होते. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, "वाळलं वं ते, उपटून फेक, काहून पाणी नासवून राह्यली." मी नखानं साल जराशी खरवडून दाखवली, आत हिरवं होतं. त्या दिवसांत पाणी एकदम कमी करायचं, नाहीतर तेव्हाच खरी मरते. मग फेब्रुवारीच्या शेवटाला छाटणी, अन् हात आखडू नका, कारण हिची फुलं नव्या फांदीच्या शेंड्यालाच येतात, जुनी लाकडं सांभाळून काही फायदा नाही. चढायला मी तुराट्यांची ताटी बांधली, वेल स्वतःच गुंडाळत जाते. कोरड्या दिवसांत पानामागे लाल कोळी ही बारीक कीड आणि बारीक दांड्यांवर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण होते, पाण्याची जोरात धार मारून धुवायचं. घरात पऱ्हाटीचं औषध आहेच म्हणून तेच मारायची बुद्धी होते कोणाला, तसं करू नका, २०१७ मध्ये यवतमाळकडं फवारणीत माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाह्यलं आहे.

एवढं केलं की जुलैपासून पहा. आधी पांढरा, पाच कोनांचा, कागदाचा छोटा आकाशकंदील फुगावा तसं काहीतरी निघते. मग एका सकाळी त्याच्या तोंडातून लालभडक थेंब बाहेर येतो, त्याला मांजरीच्या मिशांसारखे लांब केसर. लाल फूल चार-पाच दिवसांत गळून जाते, पांढरं मात्र आठवडेच्या आठवडे टिकते आणि हळूहळू जांभळट गुलाबी होत जाते, म्हणून एकाच झुपक्यात पांढरं, लाल, गुलाबी सगळं एकदम दिसते. आमच्या सासूबाई आता आल्यागेल्याला हात धरून मागच्या अंगणात नेतात अन् "आमची वेल" म्हणतात.

यंदा पावसात पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या सहा फांद्या रेतीत लावल्या, वरून प्लास्टिकची पिशवी. महिनाभरात चार फुटल्या. त्यातल्या दोन त्या कात्रणवाल्या दोघींना दिल्या.

साहेब, मागणं एवढंच की बागेचं पान छापताना ते कोणत्या भागासाठी आहे ते वर लिहित जा, नाहीतर अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या कोणाकडून तरी आमच्या हवेचं वेगळं लिहून घ्या. सोबत माझ्या वेलीचा फोटो जोडला आहे. नाही छापला तरी चालेल, पण ते 'पूर्ण उन्हात ठेवा' तेवढं पुढच्या फेब्रुवारीच्या आत दुरुस्त करून छापा, कारण नर्सरीत रोपं तेव्हाच येतात.

आपली एक वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती