वाड्यात नाही, पण घरीच

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून लिहितेय. येत्या सोमवारी तुम्ही दोघं शुश्रूषा केंद्रातून घरी येताय. पंचवटीच्या वाड्यात मात्र नाही. गंगापूर रोडला आकाशवाणी टॉवरजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय, करारही झालाय. बाबा, वाडा विकायचा विषयच नाही, किल्ली तुमच्याच खिशात राहील. पण तो लाकडी जिना आईच्या बदललेल्या खुब्याला झेपायचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. केंद्रातली माणसं चांगली आहेत हो. पण तिथे सगळं हातात मिळतं, त्यामुळे उठायचं कारणच उरत नाही आणि मांड्यांतली ताकद रोज थोडी थोडी जाते.

शनिवारी का नाही, असं विचाराल. रविवारी डॉक्टर आणि फिजिओ दोघंही भेटत नाहीत आणि नेमकं तेव्हाच काहीतरी अडतं.

बाथरूमचं दार अडीच फुटांचं आहे. दोन फुटांच्या दारात वॉकर तिरका करावा लागतो आणि तोल तिथेच जातो. दार आता बाहेर उघडतं, म्हणजे कुणी आत पडलंच तर ते अडकून बसणार नाही. कमोडशेजारी स्टीलचा दांडा बोल्टने भिंतीत ठोकून घेतलाय. रबरी चकतीवर चिकटणारे दांडे ओल्या टाइलवर सुटतात. आणि टॉवेलच्या रॉडला धरून उठायचं नाही म्हणजे नाही! कमोडवर उंच सीट बसवलीय, पलंगाखाली ठोकळे लावलेत. आई, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या खालीच राहतील, इतकी उंची ठेवलीय.

पाटावर बसणं आणि मांडी घालणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, म्हणून देवघर टेबलावर मांडलंय. तुझी समई आणि लंगडा बाळकृष्ण वाड्यातून आणलेत. तुझ्या हाताने तूप लावलेली वात बघितली की अजून परीक्षेच्या सकाळी मिळणारा दहीसाखरेचा चमचा आठवतो. पूजा खुर्चीत बसून कर, देव रागावत नाही.

बाबा, आता तुमचं काम. निघताना डिस्चार्जचे कागद, एक्स-रे आणि फिजिओचा तक्ता मागून घ्या. औषधांच्या जुन्या पट्ट्या आणि नवी यादी डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जाते आणि मग बीपी खाली येऊन चक्कर येते. जुन्या पट्ट्या "असू दे" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवायच्या नाहीत. रात्री उठताना आईला पलंगाच्या कडेला मिनिटभर बसू द्या, मग उभं करा. तुमचं सत्तरीवरचं आयुष्मान कार्डही काढून टाकू. त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होण्याचा खर्च निघतो, पण घरी मदतीला ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून मिळत नाही. तो मी बघते, त्यावर चर्चा नको.

मावशी दिवसभर असतील. त्यांच्या सुट्टीला कोण येणार, हे मावशी पुरवणाऱ्या ब्युरोकडून आधीच ठरवून घेतलंय, कारण घरची व्यवस्था बहुतेक तिथेच कोलमडते. मावशींनी सगळं करायचं नाही. मेथी आई निवडेल, चहा बाबा टाकतील. सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं बदलायला बाबांनी रिक्षाने जायचं, पण एकट्याने नाही.

सोमवारी दहाला गाडी येईल. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि वर घट्ट उशी ठेवा. आईने आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. रिक्षात चढवू नका, कितीही जवळ वाटलं तरी. आणि बाबा, सामान उचलायला ड्रायव्हर आहे.

तुमची,
ठमी