सूचना : मशीद बंदर स्मारक भेट, रविवारी

सभासदहो, रविवारी सकाळी ९ वाजता मशीद स्टेशनबाहेर जमायचं. तिथून जवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये जाऊ. पहिल्या महायुद्धात गेलेल्या, समुद्राखेरीज कबर न लाभलेल्या २ हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ६ हजारांहून अधिक नाविकांची नावं नोंदवहीत आहेत. तशीच एक वही बांगलादेशातल्या चितगावलाही आहे. आपल्या कोकणातून किती सारंग (खलाशांचे मुकादम), तांडेल (त्यांच्या हाताखालचे), आगवाले (बोटीची भट्टी पेटवणारे) बोटींवर गेले! ज्यांच्या घराण्यातलं कुणी परतलं नाही, त्यांनी पूर्ण नाव, गाव, ठाऊक असल्यास बोटीचं नावही लिहून आणावं. इंग्रजी स्पेलिंग वेगळं निघू शकतं, उच्चार धरून शोधू. वास्तू खलाशांच्या निवाऱ्याची आहे. आवाज कमी, फोटो विचारूनच. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.