नोकरी नाकारली, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. ती नोकरी मी नाकारली. इथेच संशोधन करायचं असं सरांना कळवूनही टाकलंय. म्हणजे घराजवळ येणं लांबलं. दादाच्या वेळी काय झालं ते विसरले नाहीये, पण हे तसं नाही. फेलोशिपमध्ये माझं नीट भागतं, आणि सुट्टीत येईन तेव्हा चांगली मुक्काम ठोकून राहीन.

आई, पुस्तकात दाबलेलं पान पिवळं पडलं की मी रडायचे आणि तू म्हणायचीस, "अगं, पिवळा आधीपासून आतच होता." तो पिवळाच आता माझा विषय आहे. त्या पिवळ्या रंगद्रव्याचा, म्हणजे कॅरोटीनचा, एक इलेक्ट्रॉन काढला की उरतो तो फ्री रॅडिकल. तो फार टिकत नाही, म्हणून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा. पेन्सिलीहून बारीक नळी चुंबकात ठेवून तिच्यावर मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या की पडद्यावर एकच जाड, बोथट रेघ येते. ५६ हायड्रोजनांचे संकेत तिच्यात एकमेकांवर चढलेले असतात. कुठला कोणाचा हे कळायला एन्डॉरची (रेडिओ लहरींनी हायड्रोजनांचे संकेत वेगळे करणारी) मोजणी आणि डीएफटीचं (रेणूत इलेक्ट्रॉन कुठे किती ते कॉम्प्युटरवर काढणारं) गणित शेजारी ठेवून ताडून बघावं लागतं. ते जुळायला लागलंय, आणि नेमकं आत्ता सोडून येणं मला जमलं नसतं.

बाबा, 'मायक्रोवेव्ह' ऐकून घाबरू नका. ताकद मिलिवॉटमध्ये, तीही धातूच्या पोकळीत बंद. नायट्रोजन ओतताना चष्मा, हातमोजे असतात. जेवण वेळेवर होतं. रात्रभर गणितं कॉम्प्युटर करतो, मी झोपते.

आता रागावते. "फ्री रॅडिकल मारतं" असं डबीवर वाचून तुम्ही बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या सुरू केल्यात म्हणे! फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला, तर रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. तुम्ही सिगारेट सोडलीत याचं मला केवढं कौतुक आहे, पण इतकी वर्षं ओढलीत ना? भाज्या हव्या तेवढ्या खा, त्याची भीती नाही. गोळ्या मात्र आजपासून बंद, आणि पुढच्या तपासणीला ती डबी डॉक्टरांना दाखवायची.

आई, डबी तुझ्या कपाटात ठेव. किल्ली बाबांना देऊ नकोस.

तुमची,
चिमी